जवारी काढणारे हात : एका संगीत सर्व्हरचा कोड वाचताना

मिरजेच्या आमच्या घरी टीव्हीच्या मागे एक रास्पबेरी पाय आहे. धूळ खात पडलेला असतो, पण बंद नसतो. त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कवर आजोबांच्या कॅसेटी आहेत. काही विकत घेतलेल्या, बऱ्याचशा आकाशवाणी सांगलीवरून टेप केलेल्या. मधेच निवेदकाचा आवाज येतो, एका ठिकाणी कुकरची शिट्टीही. हे रेकॉर्डिंग कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर नाही आणि कधी येणारही नाही. ते वाजवतो एमपीडी, म्हणजे म्युझिक प्लेयर डीमन नावाचा एक मुक्त संगीत सर्व्हर. आजी फोनवरच्या ॲपमध्ये गाणं निवडते आणि आवाज हॉलमधल्या स्पीकरमधून येतो. फोन हा फक्त रिमोट. वाजवणारा टीव्हीच्या मागे बसलेला.

दोन वर्षांपूर्वी एका अपडेटनंतर गाणं मधेच थांबायला लागलं. दोष आमच्या डिस्कच्या केबलचा होता, हे नंतर कळलं. पण तोवर मी सोर्स कोड उघडून बसलो होतो. आणि एकदा उघडल्यावर कादंबरी वाचावी तसा वाचत गेलो. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

कोडची समीक्षा करता येते का, असं कुणी विचारेल. आमच्या धंद्यात ‘कोड रिव्ह्यू’ रोज होतो. पण त्यात आपण कालचा बदल तपासतो. वीस वर्षं जुनी, अनेक हातांतून गेलेली संहिता कशी आहे, ती का टिकली, कुठे फसली, हे कुणी लिहीत नाही. नाटकाची, पुस्तकाची, बंदिशीची अशी चर्चा आपण करतो. ज्या संहितेमुळे घरात गाणं वाजतं तिची का नको?

आत सगळं बदललं, बाहेर काहीच नाही

एमपीडी २००३ साली वॉरन ड्यूक्स यांनी सुरू केला. पुढे तो मॅक्स केलरमान यांच्याकडे आला आणि बरीच वर्षं तेच तो सांभाळतायत. मूळ कोड सी भाषेत होता. २०१३ मध्ये आलेल्या ०.१८ या आवृत्तीत तो सी प्लस प्लसमध्ये नेला गेला. सुरुवातीच्या काळात गाणं उलगडण्यासाठी वेगळी प्रोसेस काढली जायची, नंतर त्या जागी थ्रेड आले. ज्या जीलिब नावाच्या लायब्ररीवर सगळा डोलारा उभा होता, ती हळूहळू सोडली. कोड जोडून प्रोग्रॅम तयार करण्याची पद्धतही बदलली.

पण बाहेरून पाहाल तर सर्व्हर आजही ६६०० क्रमांकाच्या पोर्टवर बसून साध्या मजकुरात बोलतो. तुम्ही ‘प्ले’ लिहून पाठवलं की तो वाजवतो आणि ‘ओके’ म्हणतो. चुकलात तर ‘ॲक’ म्हणून काय चुकलं ते सांगतो. त्यासाठी ॲपही लागत नाही. टर्मिनलवर टेलनेट उघडून, हाताने शब्द टाइप करून तुम्ही त्याच्याशी बोलू शकता. मी बोललोय.

रिफॅक्टरिंगची पुस्तकी व्याख्या हीच: बाहेरून दिसणारं वागणं न बदलता आतली रचना सुधारणं. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ सालच्या पुस्तकामुळे हा शब्द आमच्या धंद्यात रुजला. पण व्याख्या पाठ असणं वेगळं आणि वीस वर्षं ती पाळणं वेगळं.

मिरजेत वाढल्यामुळे मला याचं एक उदाहरण घराशेजारीच मिळालं. आमच्या गावात तंबोरे आणि सतारी होतात. तंबोरा जुना झाला की घोडीवर तारांची खाच पडते आणि आवाज बसतो. मग कारागीर जवारी काढतो. घोडीचा पृष्ठभाग अगदी थोडा घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा थोडा घासतो, पुन्हा ऐकतो. नवीन काही जोडत नाही. सूर तोच, तारा त्याच, पण आवाज मोकळा होतो. एका वेळी जास्त घासलं तर घोडी गेली, म्हणून प्रत्येक वेळी ऐकायचं. आम्ही याला ‘छोटा बदल करा, टेस्ट चालवा’ असं म्हणतो आणि पॉवरपॉइंटमध्ये टाकतो.

याच्या उलटही आपल्याकडे आहे. गावोगावी जुन्या दगडी देवळांचा ‘जीर्णोद्धार’ होतो. काळ्या पाषाणाला ऑइलपेंट लागतो, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स येतात, दारात देणगीदारांची पाटी लागते. पुढच्या पावसाळ्यात पाणी पूर्वीच्याच जागी गळतं. माझ्या धंद्यात रिफॅक्टरिंगच्या नावाखाली जे चालतं, त्यातलं बरंचसं हे ऑइलपेंट असतं. मीही लावलेला आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

कडी कोण उघडणार?

आता थोडं जवळून वाचू.

एमपीडीत एकाच वेळी अनेक थ्रेड काम करतात. एक क्लायंटशी बोलतो, एक फाइल उलगडून त्यातून आवाजाचे तुकडे काढतो, एक ते तुकडे क्रमाने पुढे देतो, आणि ते साउंडकार्डापर्यंत पोचवायला आणखी असतात. ‘सध्या काय वाजतंय’ ही माहिती यातल्या अनेकांना लागते. दोघांनी एकदम हात घातला तर गोंधळ. म्हणून लॉक असतं. चाळीतल्या सामायिक न्हाणीघरासारखं: आत गेलात की कडी लावा, बाहेर पडताना काढा.

जुन्या सी कोडमध्ये कडी लावणं आणि काढणं, दोन्ही हाताने लिहावं लागायचं. फंक्शनला बाहेर पडायच्या चार वाटा असतील तर चारही ठिकाणी ‘कडी काढ’ लिहायला हवं. एका वाटेवर विसरलात की पुढचा कायमचा ताटकळत उभा. गाणं थांबतं, ॲप गोठतं, आणि लॉगमध्ये काही नसतं, कारण काही ‘चुकलेलं’ नसतं. सगळे शिस्तीत वाट बघत असतात.

सी प्लस प्लसमध्ये हीच गोष्ट एका ओळीत येते. त्या कंसापुरता एक रखवालदार नेमायचा. कंस संपला की, तुम्ही कुठल्याही वाटेने बाहेर पडा, कडी आपोआप निघते. एमपीडीच्या आजच्या कोडमध्ये हा रखवालदार जागोजागी भेटतो. मधेच थोडा वेळ कडी काढून पुन्हा लावायची असेल तर त्यासाठीही तसाच छोटा रखवालदार आहे.

याला मी चांगलं रिफॅक्टरिंग म्हणतो. त्याने नुसता एक बग गेला नाही. ‘कडी काढायला विसरलो’ या जातीच्या बगला उभं राहायला जागाच उरली नाही. भाषा बदलण्यामागे हौसही असेल, पण हाती लागलं ते हे.

आणखी एक सवय मला फार आवडली. प्लेयरच्या कोडमध्ये काही फंक्शनांच्या नावाआधी ‘लॉक’ हा शब्द आहे. म्हणजे हे स्वतः कडी लावेल, तुम्ही बाहेरून लावू नका. ज्यांच्या नावात तो नाही, त्यातल्या अनेकांच्या डोक्यावर टीप असते की हाक मारणाऱ्याने आधीच कडी लावलेली असावी. एवढंच. पण त्यामुळे वाचणाऱ्याला नावावरून अट कळते. व्याकरणात प्रत्यय जे काम करतो ते इथे हा एक शब्द करतो. मी माझ्या ऑफिसच्या कोडमध्ये ही पद्धत सरळ उचलली.

दोनदा उखडलेली फरशी

आता जे पटत नाही तेही लिहायला हवं, नाहीतर ही आरती होईल.

चूक झाली तर ती वरपर्यंत कशी कळवायची, हा प्रत्येक मोठ्या प्रोग्रॅमचा प्रश्न. एमपीडीने आधी जीलिबची पद्धत वापरली: प्रत्येक फंक्शनला एक जास्तीची रिकामी चिठ्ठी द्यायची, काही बिघडलं तर त्यावर लिहून परत. सी प्लस प्लसमध्ये आल्यावर त्या जागी स्वतःची एक ‘एरर’ नावाची रचना आणली. चिठ्ठी तीच, कागद नवा. आणि नंतर तीही काढून भाषेतले एक्सेप्शन वापरले, म्हणजे चिठ्ठीच रद्द.

एका घरात दोनदा फरशी उखडावी तसं हे. चिठ्ठी जिथे जिथे फिरत होती ती सगळी फंक्शनं दोनदा बदलली. या दरम्यान कुणी बाहेर बसून स्वतःची एखादी सुधारणा तयार करत असेल, तर त्याला ती दोनदा नव्याने बसवावी लागली असणार. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा खर्च दिसत नाही, कारण तो कुणाच्या पगारपत्रकावर येत नाही.

तरी मी पहिलं पाऊल वाया गेलं असं म्हणणार नाही. जीलिबची चिठ्ठी आणि भाषेतले एक्सेप्शन यांच्यामध्ये उडी फार मोठी होती. मधली पायरी ओबडधोबड होती, पण तिच्यावर उभं राहून पुढचं पाऊल टाकता आलं, आणि मधल्या काळात सर्व्हर चालू राहिला. घर रिकामं न करता फरशी बदलायची तर अर्धी खोली आज, अर्धी उद्या, असंच करावं लागतं. माझी तक्रार उखडण्याबद्दल नाही. ती का उखडतोय हे कोडमध्ये फार थोडं लिहिलेलं सापडतं, याबद्दल आहे. काय बदललं ते इतिहासात ओळीओळीने आहे. का बदललं हे बरेचदा ताडावं लागतं.

घरात दोन रिमोट असतात तेव्हा

काही बग कोडच्या ओळीत नसतात, कल्पनेत असतात. एमपीडीच्या बोलीत ‘पॉज’ हा शब्द पूर्वी नुसता पाठवता यायचा: वाजत असेल तर थांब, थांबलं असेल तर वाज. आजही चालतो, पण तसं करू नका, स्पष्ट शून्य किंवा एक पाठवा, असं दस्तऐवज सांगतो.

का, ते आमच्या घरात कळलं. दारावर कुणी आलं म्हणून आजीने आणि मी एकाच क्षणी आपापल्या फोनवरून पॉज दाबलं. पहिल्याने थांबलं, दुसऱ्याने सुरू झालं. दोघांच्याही हाताने बरोबरच काम केलं आणि दारात उभ्या काकूंना ‘बसा’ म्हणायला ओरडावं लागलं. ‘उलट कर’ आणि ‘थांब’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, हे एकच रिमोट असलेल्या घरात कधीच लक्षात येत नाही.

यादीतल्या गाण्याला ‘पाचवं’ न म्हणता त्याच्या ओळख-क्रमांकाने हाक मारावी, हा सल्लाही त्याच जातीचा. तुम्ही पाचवं म्हणेपर्यंत दुसऱ्याने वरचं एक काढलेलं असतं. पूर्वी काही बदललं का हे कळण्यासाठी क्लायंट पुन्हा पुन्हा विचारत राहायचे. ०.१४ आवृत्तीत ‘आयडल’ ही आज्ञा आली: मी वाट बघतो, काही बदललं की तू सांग. फोनची बॅटरी वाचते आणि सर्व्हरचं डोकंही.

यात मला सभ्यता दिसते. जुनी आज्ञा एकदम बंद केली नाही. शेजारी नवी ठेवली, जुनीवर ‘शक्यतो नको’ अशी पाटी लावली. दहा वर्षांपूर्वी कुणी लिहिलेलं ॲप त्यामुळे मरत नाही.

मी काढलेली एक ओळ

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. ग्राहकांना एसएमएस पाठवणारा एक जुना भाग माझ्याकडे आला. त्यात एक ओळ होती: मेसेज पाठवल्यावर २०० मिलीसेकंद थांब. बाजूला टीप नाही. इतिहासात पाहिलं तर ती ओळ घालणाऱ्याने कारण म्हणून एकच शब्द लिहिला होता, ‘फिक्स’. तो माणूस नोकरी सोडून गेलेला.

कोडमध्ये अशी झोप दिसली की आम्हाला लाज वाटते. मी ती काढली, बाकीचा कोड नीटनेटका केला, नावं सुंदर केली. सगळ्या टेस्ट हिरव्या. टीममध्ये कौतुक झालं.

दोन दिवसांनी तक्रारी आल्या. काही ग्राहकांना एकच मेसेज दोनदा जात होता. झालं असं होतं की मेसेज पाठवल्यावर आमचा प्रोग्रॅम पलीकडच्या गेटवेला विचारायचा, ‘मिळाला का?’ गेटवेला नोंद करायला थोडा वेळ लागायचा. आधी आम्ही २०० मिलीसेकंद थांबून विचारत होतो, तेव्हा नोंद झालेली असायची. आता लगेच विचारत होतो. उत्तर यायचं, ‘माहीत नाही’, आणि आमचा प्रोग्रॅम पुन्हा पाठवायचा. टेस्टमधला खोटा गेटवे मात्र लगेच ‘मिळाला’ म्हणायचा, म्हणून सगळं हिरवं.

ती झोप हा चांगला उपाय नव्हताच. पण ती एका खऱ्या दुखण्यावर बांधलेली पट्टी होती. मी पट्टीला घाण समजलो. ज्याने बांधली त्याने दुखणं लिहून ठेवलं नाही, ही त्याची चूक. मी न विचारता सोडली, ही माझी. त्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही.

तोच वाचक, दुसरी संहिता

एमपीडी वाचताना मला सारखं एका प्रसंगाची आठवण येत होती. तो एमपीडीतला नाही, पण त्याच माणसाचा आहे.

२०२१ मध्ये केलरमान यांच्या नोकरीच्या ठिकाणी एका ग्राहकाची तक्रार आली: डाउनलोड केलेली लॉग फाइल उघडत नाही. त्यांनी फाइल हाताने दुरुस्त करून तक्रार बंद केली. काही महिन्यांनी तसंच पुन्हा. मग पुन्हा. तेव्हा त्यांनी बिघडलेल्या फाइली शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. प्रत्येकीचे शेवटचे आठ बाइट बदललेले, आणि त्या जागी झिप फाइलच्या एका भागाची सुरुवात. झिप बनवणाऱ्या प्रोग्रॅमला त्या फाइली फक्त वाचायची परवानगी होती, लिहायची नव्हती. जे घडूच शकत नाही ते घडत होतं.

शेवटी त्यांनी दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. एक फाइलमध्ये नुसते ‘ए’ लिहिणारा. दुसरा ती फाइल एका पाइपमध्ये सोडून मागून ‘बी’ लिहिणारा. त्याला फाइलमध्ये लिहायचा अधिकारच नाही. फाइलमध्ये ‘बी’ दिसले. दोष लिनक्सच्या गाभ्यात होता. मार्च २०२२ मध्ये तो ‘डर्टी पाइप’ नावाने जाहीर झाला. त्याचा वापर करून साधा वापरकर्ता त्या यंत्राचा मालक होऊ शकत होता. अँड्रॉइड फोनही यातून सुटले नव्हते.

मला खरा धडा कारणात दिसला. २०१६ च्या एका बदलात नवी नोंद बनवताना तिचा एक रकाना पुसायचा राहून गेला. आधीच्या भाडेकरूचं सामान खोलीत तसंच. त्या सामानाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग २०२० मध्ये, ५.८ आवृत्तीत, त्या भागाची साफसफाई झाली. ‘या तुकड्याच्या मागे आणखी लिहिलं तर चालेल का’ हे पूर्वी दुसऱ्या पद्धतीने ठरायचं, ते आता त्याच रकान्यातल्या एका खुणेवरून ठरायला लागलं. साफसफाई तर्काने बरोबर होती. पण न पुसलेल्या रकान्यात जुनी खूण राहिली असेल तर ती आता ‘चालेल’ असं सांगायला लागली. दुरुस्ती म्हणजे दोन ठिकाणी एकेक ओळ: रकाना आधी पुसा.

म्हणजे जगातल्या सर्वांत जास्त तपासल्या जाणाऱ्या कोडमध्येही माझ्या २०० मिलीसेकंदांसारखंच घडलं. फरक हा की तिथे एका माणसाने तिसऱ्यांदा आलेली तक्रार पहिल्यासारखी बंद केली नाही. वर्षानुवर्षं थ्रेड आणि कड्या निस्तरणाऱ्या माणसाला ‘हे घडूच शकत नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवायची सवय उरली नसावी, असा माझा तर्क आहे.

जे नाही ते

शेवटी दोन उणिवा, ज्या मला खुपतात.

एक, एमपीडीतला फार मोठा भाग एकाच माणसाच्या हातून लिहिला जातो. त्यामुळे त्याला एक आवाज आहे, ती त्याची ताकद. पण उद्या ते थांबले तर ‘का’ची उत्तरं कुणाकडे? मिरजेत जवारी काढणारे जुने हात कमी होत चालले की जी काळजी वाटते, तीच इथे वाटते. घोडी दिसते, घासायचं किती ते हातात असतं.

दोन, आजोबांच्या कॅसेटींना नावं देताना मी अडलो. एमपीडी ओळखतो त्या खुणांची यादी कोडमध्येच ठरलेली आहे. तिच्यात कलाकार, संगीतकार, वाद्यवृंदाचा संचालक, रचनेचा भाग, सगळं आहे. राग नाही, ताल नाही. स्टिकर नावाची सोय आहे, हवं ते चिकटवता येतं. पण ते फाइलच्या आत जात नाही, सर्व्हरच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये राहतं. डिस्क दुसऱ्याला दिली की राग इथेच राहिला. शेवटी मी राग ‘प्रकार’ या खणात कोंबला. आजी आता ‘प्रकार’ उघडते आणि त्यात भीमपलास शोधते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. यादी करणाऱ्यांच्या खोलीत आपण नव्हतो, इतकंच. आणि कोड उघडा आहे, म्हणजे न जाण्याचं कारणही आपल्यालाच द्यावं लागेल.

मी अजून एमपीडीला एकही बदल पाठवलेला नाही. आधी वाचून पुरं करायचंय. पण आताच्या ऑफिसात एक सवय लावून घेतलीय. विचित्र दिसणारी ओळ लिहावी लागली की तिच्यावर दोन वाक्यं लिहितो: दुखणं काय होतं, आणि ही पट्टी कधी सोडायची. गेल्या महिन्यात एका नव्या मुलीने तशी एक ओळ काढली. काढण्याआधी मला विचारायची तिला गरज पडली नाही. ‘गेटवे बदलला की काढा’ असं मीच लिहून ठेवलं होतं, आणि गेटवे बदलला होता.